चढ न चढता पोर्तो

पोर्तुगालच्या उत्तर भागात दोरू नदी अटलांटिक महासागराला मिळते. त्या मुखाच्या थोडे अलीकडे, नदीच्या उजव्या तीरावर पोर्तो हे शहर वसले आहे. छायाचित्रांत ते नदीकाठचे शहर म्हणून दिसते. पायी चालणाऱ्याला मात्र ते डोंगरउताराचे शहर म्हणून भेटते. ग्रॅनाइटच्या कड्यावर घरे एकावर एक रचल्यासारखी उभी आहेत. रेल्वेस्थानक, मोठे चर्च आणि बाजारपेठ वर, तर नदीकाठ, होड्या आणि खानावळी खाली. मधल्या गल्ल्यांत दगडी पायऱ्या आणि तीव्र चढ आहेत. या जुन्या भागाला १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो पाहण्यास येणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेले प्रवासी पुष्कळ असतात.

आपल्याकडील अनेक ज्येष्ठ नागरिक आज मुलांकडे जर्मनीत, नेदरलँड्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये दोन-तीन महिने राहावयास जातात. त्या मुक्कामात मुले एखाद्या लांब शनिवार-रविवारी जवळच्या शहराची सहल ठरवतात आणि त्यात पोर्तोचे नाव वारंवार येते. सहल मोठ्या उत्साहाने आखली जाते. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, एखाद्या जिन्याच्या तोंडाशी, आई शांतपणे म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." हे वाक्य समजूतदारपणाचे वाटते. पुष्कळदा त्यामागे दुखरा गुडघा, लागलेली धाप किंवा प्रसाधनगृह कोठे आहे ही चिंता असते. आणि आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये, असा संकोचही असतो. सहलीची आखणी नीट केली, तर ज्येष्ठांवर हे वाक्य उच्चारण्याची वेळ क्वचितच येईल. पोर्तोसारख्या उंचसखल शहरातही ते शक्य आहे.

आधी उंची, मग ठिकाणे

प्रवासाची यादी करताना आपण प्रेक्षणीय स्थळे लिहितो आणि त्यांमधील अंतर नकाशावर मोजतो. पोर्तोमध्ये हा हिशेब फसतो. नकाशावर पाचशे मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात वीस मजल्यांचे असू शकते. गिन्दाइश नावाची एक केबलने ओढली जाणारी तिरकी रेल्वे नदीकाठापासून वरच्या बताल्या चौकापर्यंत जाते. तिच्या दोन टोकांच्या उंचीत सुमारे ६० मीटरचा फरक आहे. हा चढ गुडघ्यांनी चढायचा की यंत्राने, यावर अख्ख्या दिवसाची प्रकृती अवलंबून असते.

चढ टाळून उतार निवडला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. चढताना श्वास आणि हृदय यांवर ताण येतो, तर उतरताना गुडघ्याच्या वाटीवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. संधिवात असलेल्यांना पायऱ्या उतरणे हेच अधिक वेदनादायक असते आणि पाय घसरण्याची भीतीही उतारावर जास्त. जुन्या भागातील फरसबंदी लहान चौकोनी दगडांची आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने ते दगड गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात निसरडे होतात. म्हणून नियोजनाचे सूत्र एकच ठेवावे: वर-खाली जाताना यंत्राचा आधार घ्यावा आणि पायी चालणे केवळ सपाटीवर करावे. सुदैवाने मेट्रो, रोपवे, केबल रेल्वे, बस आणि टॅक्सी या सर्व सोयी येथे आहेत. त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या, एवढेच ठरवायचे असते.

निघण्यापूर्वी

ऋतू: मे, जून आणि सप्टेंबर हे महिने ज्येष्ठांना सर्वांत अनुकूल. हवा सौम्य असते आणि दिवस मोठा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाऊस बराच पडतो आणि ओले दगड ही मोठी जोखीम ठरते. उन्हाळ्यातही समुद्रावरून येणारा वारा संध्याकाळी गार असतो. स्वेटर किंवा शाल जवळ असावी. २३ जूनच्या रात्री सेंट जॉनचा उत्सव असतो. भाजलेल्या सार्डिन माशांचा घमघमाट, आतषबाजी आणि एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोड्या हळूच मारण्याची गंमत यांसाठी तो प्रसिद्ध आहे. मात्र त्या रात्री नदीकाठी चेंगराचेंगरी वाटावी एवढी गर्दी असते. काठी वापरणाऱ्यांनी ती तारीख टाळलेली बरी.

वैद्यकीय सल्ला: दोन मजले चढताना छातीत दडपण येत असेल, धाप लागत असेल किंवा चालताना पोटऱ्या आवळत असतील, तर तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. चार तासांहून अधिक विमानप्रवासात पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी असा त्रास झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी घट्ट मोजे आणि औषधे यांविषयी आधीच विचारावे. इतरांनी दर तासाला घोटे फिरवावेत, शक्य तेव्हा जागेवरून उठावे आणि पाणी पीत राहावे.

औषधे: सर्व औषधे हातातल्या सामानात ठेवावीत आणि ठरल्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची जास्त घ्यावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील नावे तेथील औषधविक्रेत्यास कळत नाहीत. पोर्तुगालचे घड्याळ भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास असते. जर्मनी-नेदरलँड्सपेक्षा ते एक तास मागे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी भारतातून जाताना मात्रेच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

विमा आणि व्हिसा: भारतीय पारपत्रधारकांना पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा आवश्यक असतो. मुलांकडे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये शेंगेन व्हिसावर आलेल्यांना पोर्तोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. इंग्लंडमध्ये आलेल्यांना मात्र तो वेगळा घ्यावा लागतो. मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार विम्यात समाविष्ट आहेत की नाहीत, हे कागदपत्रांत स्वतः वाचून पाहावे.

विमानतळावरील मदत: युरोपीय संघातील विमानतळांवर वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे चालणे कठीण असलेल्यांना चाकाची खुर्ची आणि सोबतीला माणूस विनामूल्य मिळतो. त्यासाठी विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे. "मी अजून चालू शकतो" असे म्हणून पुष्कळ ज्येष्ठ ही मदत नाकारतात. सुरक्षा तपासणीच्या लांब रांगेत तासभर उभे राहण्यात पायांची जी शक्ती खर्च होते, ती सहलीसाठी राखून ठेवण्यात कमीपणा नाही.

मुक्काम कोठे करावा

नदीकाठचा रिबैरा भाग चित्रासारखा सुंदर असला, तरी मुक्कामासाठी वरचा भाग सोयीचा. साओ बेंतू स्थानक, बताल्या चौक किंवा बुल्याँव बाजाराच्या आसपास राहिल्यास मेट्रो, औषधालये, उपाहारगृहे आणि टॅक्सी जवळ असतात. रिबैरातील घरे अरुंद आणि जुनी आहेत. तेथील निवासांत उद्वाहन नसणे आणि जिना खडा असणे ही नेहमीची गोष्ट.

खोली घेण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. रस्त्यापासून उद्वाहनापर्यंत पायऱ्या आहेत का? न्हाणीघरात टब आहे की पायरी नसलेला शॉवर? कमोडशेजारी पकडण्यास आधार आहे का? आणि दारापर्यंत गाडी येते का? टबाची कड ओलांडून आत-बाहेर करणे हे घसरून पडण्याचे एक मोठे कारण असते. नव्या जागी रात्री उठल्यावर अंधारात चाचपडावे लागू नये म्हणून प्लगला लावायचा छोटा दिवा बरोबर न्यावा.

पहिला दिवस: केवळ पोहोचणे

विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत मेट्रो आहे आणि साधारण अर्ध्या तासात त्रिंदाद स्थानकापर्यंत पोहोचता येते. मेट्रोच्या गाड्यांचा तळ फलाटाच्या पातळीला असतो आणि भूमिगत स्थानकांवर उद्वाहने आहेत. तरीही सामान आणि थकवा असताना टॅक्सीच करावी. त्या दिवशी काहीही पाहण्याचा बेत ठेवू नये. खोलीत सामान लावावे, तासभर पाठ टेकावी आणि संध्याकाळी जवळपासच्या सपाट रस्त्यावर थोडे फिरून सूप-पाव घेऊन झोपावे.

अंगात उत्साह असेल, तर साओ बेंतू स्थानकाच्या दर्शनी दालनात मात्र जरूर जावे. १९१६ साली खुल्या झालेल्या या स्थानकाच्या भिंतींवर सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. जॉर्ज कोलासू या चित्रकाराने त्यांवर पोर्तुगालचा इतिहास आणि ग्रामजीवन रंगवले आहे. तिकीट नाही, चढ नाही आणि मान थोडी वर केली की पाहणे सुरू. मानेचा त्रास असलेल्यांनी भिंतीपासून दूर उभे राहावे, म्हणजे मान फार मागे टाकावी लागत नाही.

दुसरा दिवस: वरून खाली, खालून वर

हा सहलीचा मुख्य दिवस. सकाळी न्याहारी आणि औषधे घेऊन साडेनऊ-दहाला निघावे.

साओ बेंतूच्या भूमिगत स्थानकातून गायाच्या दिशेची मेट्रो धरावी. पुढचेच स्थानक आपले. पण त्या एका टप्प्यात गाडी बोगद्यातून बाहेर पडून दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदी ओलांडते. १८८६ साली खुला झालेला हा लोखंडी पूल तेओफील सेरिग या अभियंत्याने रचला. तो पूर्वी गुस्ताव्ह आयफेलचा भागीदार होता. पुलाच्या कमानीचा पल्ला १७२ मीटर आहे. गाडीत उजव्या हाताच्या खिडकीशी बसले, म्हणजे जुने शहर आणि नदीचे वळण दिसते. चक्कर येणाऱ्यांनी किंवा उंचीची भीती असणाऱ्यांनी हा पूल पायी ओलांडण्याचा हट्ट धरू नये; वरच्या मजल्यावर वारा जोराचा असतो आणि मेट्रोही तेथूनच ये-जा करते.

पलीकडे मोरू उद्यान आहे. तेथे बसून समोरचे पोर्तो पाहण्यात अर्धा तास सहज जातो. शेजारूनच रोपवे निघतो आणि पाचेक मिनिटांत खाली गायाच्या नदीकाठी सोडतो. डब्यात चढताना घाई होईल असे वाटल्यास कर्मचाऱ्यास वेग कमी करण्याची विनंती आधीच करावी. सोबत्याने प्रथम चढू नये. ज्येष्ठांना पुढे चढवून स्वतः मागून चढावे. उतरताना मात्र सोबत्याने आधी उतरून हात द्यावा.

गायाचा काठ बराच लांबवर सपाट आहे. पाण्यात जुन्या पद्धतीच्या राबेलू नावाच्या सपाट तळाच्या नावा बांधलेल्या दिसतात. वरच्या खोऱ्यातील द्राक्षमद्याची पिंपे पूर्वी याच नावांतून येत आणि येथील थंड, दमट तळघरांत मुरत. तळघरे आजही पाहता येतात. मात्र आत उजेड मंद, जमीन काही ठिकाणी ओलसर आणि वाट कधी पायऱ्यांची असते. तिकीट काढण्यापूर्वी पायऱ्यांची चौकशी करावी. काठावरची बाके आणि समोरचे शहर हेही पुरेसे आहे.

येथून किंवा समोरच्या तीरावरून सहा पुलांखालून फिरवून आणणाऱ्या नावा सुटतात. ही फेरी साधारण पन्नास मिनिटांची असते. बसल्या जागी १८७७ सालचा, आयफेलच्या कंपनीने बांधलेला मारिया पिया रेल्वेपूल दिसतो आणि १९६३ सालचा अराबिदाचा काँक्रीटचा पूलही. अराबिदाची २७० मीटरची कमान तेव्हा जगातील सर्वांत मोठी काँक्रीटची कमान होती. दोरूला येथे भरती-ओहोटी लागते. त्यानुसार नावेकडे जाणाऱ्या फळीचा उतार कमीजास्त होतो. फळी फार उतरती दिसली, तर पुढच्या फेरीची चौकशी करावी. प्रसाधनगृहाचा उपयोग नावेत बसण्यापूर्वीच करून घ्यावा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सकाळी घेणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे. गोळीची वेळ मनाने बदलू नये आणि बाहेर जायचे म्हणून पाणी पिणेही कमी करू नये.

दुपारचे जेवण काठावरच करावे. परतीसाठी टॅक्सी हा सर्वांत सोपा मार्ग. पायांत बळ असल्यास पुलाच्या खालच्या मजल्यावरून सावकाश पलीकडे यावे. पदपथ अरुंद आहे, म्हणून एकामागे एक चालावे. पोर्तोच्या बाजूला पुलाजवळच गिन्दाइश केबल रेल्वेचे खालचे स्थानक आहे. १८९१ साली सुरू झालेली ही रेल्वे दोन वर्षांतच एका अपघातानंतर बंद पडली आणि २००४ साली नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. ती आपल्याला वर बताल्याजवळ आणून सोडते. अशा रीतीने वरून निघून, नदी दोनदा ओलांडून, पुन्हा वर येईपर्यंत चढ असा चढावाच लागत नाही. दुपारी दोन तास खोलीत विश्रांती घ्यावी.

शहराची खूण मानला जाणारा क्लेरिगुश मनोरा ७५ मीटर उंच असून निकोलाउ नासोनी या वास्तुकाराने तो उभारला. १७६३ साली तो पूर्ण झाला. वर जाण्यास दोनशेहून अधिक अरुंद पायऱ्या आहेत. हा मनोरा खालून पाहण्यातच आपले हित.

तिसरा दिवस: बाजार आणि समुद्र

सकाळी बुल्याँव बाजार. १९१४ सालची ही वास्तू मोठ्या दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा उघडली. मेट्रोस्थानकातून थेट आत येता येते. फळे, फुले, मासे, ऑलिव्ह, पाव आणि चीज यांची दुकाने एका छताखाली आहेत. जवळच सांता कातारिना हा पादचाऱ्यांसाठी राखलेला बाजाररस्ता आणि निळ्या फरशांनी बाहेरून मढवलेले आल्मश चर्च आहे. भाजी निवडणाऱ्या नजरेला परक्या शहरातला बाजार फार लवकर आपलासा वाटतो.

दुपारच्या विश्रांतीनंतर फोझला जावे. पोर्तुगीज भाषेत 'फोझ' म्हणजे नदीचे मुख. दोरू येथेच समुद्राला मिळते. नदीकाठाने जाणारी जुनी लाकडी ट्राम आकर्षक आहे. पोर्तोतील विजेवरची ट्राम १८९५ सालापासूनची, इबेरियन द्वीपकल्पातील पहिली. पण तिची पायरी उंच आहे आणि गर्दीत बसायला जागा मिळेल याची खात्री नसते. त्याच बाजूने जाणारी ५०० क्रमांकाची बस गुडघ्यांना अधिक मानवते. फोझला पोहोचल्यावर पासेयु आलेग्रे नावाची बाग आणि समुद्रालगतचा लांब, सपाट पदपथ आहे. पश्चिमेकडे तोंड करून बसावे. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. तोपर्यंत थांबणार असाल, तर संध्याकाळचे खाणे आणि गोळ्या बरोबर असाव्यात.

निघायच्या दिवशी सकाळी वेळ असल्यास टॅक्सीने क्रिस्टल पॅलेसच्या बागेत जावे. १८६५ सालचा काचेचा मूळ महाल १९५१ साली पाडला गेला, पण बाग राहिली. मोकळे फिरणारे मोर आणि झाडांतून खाली दिसणारी दोरू एवढ्यावर एक सकाळ सुखाने जाते.

पानावर काय घ्यावे

पोर्तुगीज भोजनपत्र मराठी माणसाला अगदीच अनोळखी नसते. गोव्यात १५१० ते १९६१ आणि वसईत १७३९ पर्यंत चाललेल्या पोर्तुगीज सत्तेच्या काळात पाव, बटाटा, कोबी, अननस, पगार, चावी असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत मुरले. त्यामुळे पत्रावर 'बटाटा' आणि 'कोबी' यांचे मूळ पोर्तुगीज भाऊबंद भेटतात, तेव्हा ज्येष्ठांना गंमत वाटते.

सूपला तेथे 'सोपा' म्हणतात आणि पचनाला ते खरोखरच सोपे असते. 'काल्दु वेर्द' हे बटाटा आणि बारीक चिरलेला हिरवा कोबीवर्गीय पाला यांचे सूप सर्वत्र मिळते. त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते. शाकाहारींनी 'सैं कार्न', म्हणजे 'मांसाविना', असे सांगावे आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारावे. रक्त पातळ करणारी वॉरफरीन ही गोळी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असते. रोजच्या सवयीपेक्षा ते एकाएकी फार वाढल्यास गोळीचा परिणाम कमी होतो. एखादी वाटी चालेल. दोन्ही वेळा तेच घेऊ नये.

'बाकाल्याव' म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. शिजवण्यापूर्वी तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, तरी मिठाचा अंश राहतोच. बटाटा, कांदा, अंडे आणि ऑलिव्ह घालून केलेला 'गोमेश द सा' हा त्याचा प्रकार पोर्तोचाच. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तो दोघांत एक घ्यावा आणि त्याच जेवणात ऑलिव्ह, चीज, खारवलेले मांस टाळावे. त्यापेक्षा ताजा भाजलेला मासा आणि उकडलेले बटाटे हा साधा बेत उत्तम. 'सैं साल', म्हणजे 'मिठाविना', असे सांगितले की मीठ वरून घालत नाहीत. सार्डिन मासे पौष्टिक, पण युरिक आम्ल वाढलेल्यांना ते, तसेच शिंपले आणि प्राण्यांचे अंतर्गत अवयव मानवत नाहीत.

आतड्यांचा विषय निघाला, तर एक आख्यायिका सांगायला हवी. १४१५ साली सेउता जिंकण्यास निघालेल्या आरमाराला पोर्तोकरांनी सगळे चांगले मांस देऊन टाकले आणि स्वतःसाठी केवळ आतडी ठेवली, असे म्हणतात. आतडी आणि पांढऱ्या घेवड्याचा तो पदार्थ आजही शहराचा मानबिंदू आहे आणि पोर्तोकरांना 'त्रिपैरू', म्हणजे 'आतडीखाऊ', हे नाव त्यावरूनच पडले. साओ बेंतूच्या फरशांवर सेउताचा विजय रंगवलेला आहे. तो पाहताना ही गोष्ट आठवावी.

'फ्रांसेझिन्या' हा दुसरा प्रसिद्ध पदार्थ. पावाच्या थरांत हॅम, सॉसेज आणि मांसाचा तुकडा, वर वितळलेले चीज आणि बिअर घातलेला तिखटसर रस्सा. तो चौघांत एक मागवून चाखण्यापुरता घ्यावा. अंड्याच्या बलकाची 'पाश्तेल द नाता' ही छोटी वाटी मधुमेहींनी अर्धी खावी, तीही जेवणानंतर आणि चालणे व्हायचे असताना.

पोर्ट मद्याविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. आंबण्याची क्रिया मध्येच थांबवण्यासाठी त्यात द्राक्षांचे कडक मद्य मिसळतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण सुमारे १९ ते २० टक्के, म्हणजे साध्या वाइनपेक्षा बरेच जास्त असते. झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी ते घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे काही तासांनी अचानक खाली जाऊ शकते. आणि उतारावरच्या निसरड्या दगडांवर तोल किंचित जाणेही महागात पडते.

आणखी तीन गोष्टी. बसताच मेजावर ठेवलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसते. नको असल्यास परत करावे. अनेक खानावळींत अर्धे पान मिळते, त्यास 'मेया दोझ' म्हणतात. आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी फारसे मिळत नाही. म्हणून मधुमेहींनी संध्याकाळी सहाला थोडे खावे आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

सोबत करणाऱ्यांसाठी

"दमलात का?" या प्रश्नाला आपल्याकडील वडीलधारी मंडळी "नाही" असेच उत्तर देतात. म्हणून विचारू नये, आपणच बसावे. वीस मिनिटे चालणे आणि दहा मिनिटे बसणे हा नियम सर्वांसाठी ठेवला, म्हणजे तो कोणा एकासाठी आहे असे वाटत नाही. कॉफी मागवली की बसायला जागा आणि प्रसाधनगृह दोन्ही मिळतात.

चालताना ज्येष्ठांच्या अशक्त बाजूला राहावे आणि त्यांचा दंड पकडण्याऐवजी आपला दंड त्यांना धरू द्यावा. तोल सांभाळण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याकडे राहते. विस्मरणाचा त्रास असलेल्यांच्या खिशात निवासाचा पत्ता, सोबत्याचा दूरध्वनी क्रमांक आणि औषधांची यादी असलेली चिठ्ठी ठेवावी. नव्या जागी संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढू शकतो. म्हणून अंधार पडण्यापूर्वी खोलीवर परतावे आणि झोपण्याची घरची वेळ पाळावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. औषधालयाची खूण हिरवा क्रॉस.

सोबत करणाऱ्यालाही सुटी हवी असते. वर्षभर आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची काळजी घेणारी सून किंवा मुलगा सहलीतही तेच काम करत राहिला, तर ती सहल त्याची नसते. दुपारच्या विश्रांतीचे दोन तास आळीपाळीने वाटून घ्यावेत. एकाने खोलीत थांबावे. दुसऱ्याने एकट्याने जाऊन क्लेरिगुश मनोरा चढावा, रिबैराच्या गल्ल्यांत हवे तितके भटकावे. वरून काढलेली छायाचित्रे संध्याकाळी चहाबरोबर सर्वांनी मिळून पाहावीत.

निघण्यापूर्वी घरातल्या ज्येष्ठांना नकाशासमोर बसवून एकच प्रश्न विचारावा: यातले कोणते एक ठिकाण पाहिल्याशिवाय आपल्याला परत यायचे नाही? एखाद्या आजी म्हणतील बाजार, एखादे आजोबा म्हणतील पूल. ते एक ठिकाण दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, पाय ताजे असताना ठेवावे. बाकीचे झाले तर झाले.